तंत्रशंका : नवा बोर्ड, जुनी विंडोज आणि गप्प बसलेला स्पीकर

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ज्या सॉफ्टवेअरवर होतं, ते विंडोज एक्सपीच्या पुढे चालत नाही. जुना मदरबोर्ड गेला म्हणून एच ६१ चिपसेटचा बोर्ड बसवला. बाकी सगळं ठीक, आवाज मात्र नाही. दुकानदार म्हणतो, अशा बोर्डवर एक्सपीला आवाज येतच नाही. खरं का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : एच ६१ पुरतं तरी खरं नाही. एक्सपी आली २००१ साली, तेव्हा बोर्डांवर एसी ९७ पद्धतीचं साउंड असे. इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं २००४ मध्ये. त्यामुळे एक्सपीला त्याची ओळख दोन टप्प्यांत करून द्यावी लागते : आधी बस (साउंड चिपपर्यंत पोहोचायचा रस्ता), मग कोडेक (आकड्यांचा आवाज करणारी चिप). पहिला टप्पा अडला असेल तर रिअलटेकचं (कोडेक बनवणारी कंपनी) सेटअप दहादा चालवलं तरी हाती काही लागत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसमोर नुसतं ‘पीसीआय डिव्हाइस’ दिसत असेल तर बस ड्रायव्हर बसलेला नाही. तो मायक्रोसॉफ्टच्या केबी ८८८१११ या पॅकेजात आहे. सर्व्हिस पॅक ३ असलेल्या मशीनवर हे पॅकेज बरेचदा ‘तुमचा सर्व्हिस पॅक याहून नवा आहे’ म्हणून परत पाठवतं. मग ते चालवू नका, सेव्हन-झिपने उलगडा आणि ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘हॅव डिस्क’ करून त्यातली एचडीऑडबस नावाची आयएनएफ (ड्रायव्हर कुठल्या डिव्हाइसचा ते सांगणारी) फाईल दाखवा. ही फाईल चिपचं नाव बघत नाही, ०४०३ हा पीसीआय वर्ग बघते. म्हणून तिच्यानंतर निघालेल्या बोर्डांवरही ती लागू पडते.

बस लागली की ‘ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस’ अशी नवी ओळ येईल. तिच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी वाचा. ‘वेन १०ईसी’ म्हणजे रिअलटेक, ‘डेव्ह ०८८७’ म्हणजे एएलसी ८८७. ८८७ आणि ८९२ हे कोडेक रिअलटेकच्या एक्सपी पॅकेजला माहीत आहेत, एएलसी १२२० नाही. काहीजण आयएनएफमध्ये आयडीची ओळ घुसडतात. ३२ बिट एक्सपी ती चालवून घेते, पण आतला ड्रायव्हर अनोळखी कोडेकला नकार देतो आणि ‘कोड १०’ (डिव्हाइस सुरू होत नाही) कपाळी येतो.

दुकानदाराचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं ते २०१५ नंतरच्या बोर्डांवर. इंटेलने १०० सिरीज चिपसेटपासून जुना ईएचसीआय यूएसबी कंट्रोलर काढून टाकला आणि एक्सपीकडे त्याजागी आलेल्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. म्हणजे तिथे ‘यूएसबी साउंड कार्ड लावा’ हा नेहमीचा सल्लाही फुकट. पीसीआय स्लॉट असेल तर सीएमआय ८७३८ चिपचं कार्ड बघा. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (नव्या विंडोजच्या आत जुनी चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी ठेवून ऑडिओ कंट्रोलर ‘आयसीएच एसी ९७’ निवडा, त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच आहे. जुन्या फायली उघडायला, कापाकापी करायला हे उत्तम. पण हेडफोन लावून गाणाऱ्या बुवांना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येईल आणि ताल सुटेल.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी डॉससारख्या सिस्टीमवर एचडी ऑडिओचा ड्रायव्हर लिहितोय. बोर्डवर एएलसी ८८७ आहे. कोडेक उत्तर देतो, बफरमधली जागा पुढे सरकताना दिसते, पण स्पीकर मुका. तीन आठवडे अडकलोय.
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : जागा सरकतेय म्हणजे डीएमए (मेमरीतून कंट्रोलरकडे थेट जाणारा डेटा) चालू आहे. घोडं कंट्रोलर आणि स्पीकरचं भोक (जॅक) यांच्या मधे कुठेतरी अडलंय. खालचे सगळे आकडे हेक्समध्ये आहेत.

पहिली शंका : बोलताय ते योग्य कोडेकशी का? कंट्रोलरचा रीसेट सोडल्यावर ५२१ मायक्रोसेकंद (हा आकडा दशमान) थांबायचं, मग ०ई वरचं स्टेटस वाचायचं. इंटेल बोर्डांवर बहुतेकदा पत्ता ० वर रिअलटेक आणि पत्ता २ वर एचडीएमआयचा कोडेक असतो. दोघेही नीट उत्तरं देतात, त्यामुळे फसगत सोपी.

दुसरी : आउटपुट स्ट्रीम ८० पासून सुरू होत नाहीत. तिथे आधी इनपुट स्ट्रीम बसतात, प्रत्येकी २० बाइटच्या. किती ते जीकॅप रजिस्टरच्या ११ ते ८ बिटांत (दशमान) मिळतं. चार इनपुट असतील तर पहिला आउटपुट १०० वर.

तिसरी : स्ट्रीमचा टॅग आणि फॉरमॅट कंट्रोलर आणि कोडेक दोन्हीकडे तंतोतंत एक हवा. टॅग ० चालत नाही, ० म्हणजे ‘वापरात नाही’. ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट (दोन्ही दशमान), स्टीरिओसाठी फॉरमॅट ००११. कंट्रोलरच्या स्ट्रीम डिस्क्रिप्टरमध्ये हाच लिहा आणि कोडेकला पाठवा : ००२२००११. टॅग १ साठी ००२७०६१०. या आकड्यांत पहिला अंक कोडेकचा पत्ता, पुढचे दोन नोडचे (नोड म्हणजे कोडेकच्या आतला एकेक भाग), उरलेले पाच हुकमाचे.

आता खरी मेख. ८८७ मध्ये मागच्या हिरव्या जॅकचा रस्ता नोड ०२ (डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा भाग), ०सी (मिक्सर), १४ (पिन) असा जातो आणि या वाटेवर प्रत्येक दारात कुलूप असू शकतं :

००१७०५०० : मुख्य नोड जागा करा. डॅक आणि पिनलाही हाच हुकूम.
००सी३७००० : मिक्सरच्या पहिल्या इनपुटचं म्यूट काढा.
०१४३बी००० : पिनच्या आउटपुटचं म्यूट काढा.
०१४७०७४० : पिनला ‘आउटपुट’ म्हणून चालू करा.
०१४७०सी०२ : बाहेरच्या अँप्लिफायरला वीज द्या.

आणि डॅकचा गेन (आवाजाची पातळी). म्यूट काढताना ००२३बी००० पाठवलंत तर म्यूट निघतं, पण गेन शून्याव्या पायरीवर, म्हणजे सर्वांत खाली जातो. आवाज ‘आहे’, ऐकू येत नाही. तुमचा मुख्य संशयित हाच धरा. पॅरामीटर १२ वाचा (००२एफ००१२). उत्तराच्या खालच्या सात बिटांत शून्य डेसिबलची पायरी येते. तो आकडा शेवटच्या दोन शून्यांच्या जागी टाका.

आवाज आल्यावर तव्यावर मोहरी तडतडावी तशी खरखर आली तर इंटेल कंट्रोलरच्या पीसीआय कॉन्फिगरेशनमधल्या ४४ वरच्या बाइटचे खालचे तीन बिट शून्य करा. लिनक्सचा ड्रायव्हरही हेच करतो. बफरच्या यादीत किमान दोन नोंदी हव्यात आणि यादीचा पत्ता १२८ बाइटच्या (दशमान) पटीत हवा. काही बोर्डांवर हे चुकलं तरी भागतं, म्हणून तुमच्याकडे चाललेला ड्रायव्हर परीक्षकांच्या मशीनवर आपटतो.

प्रश्न : विंडोज ७ जुन्या डीव्हीडीवरून नव्याने टाकली. साउंड ड्रायव्हर बसतो, पण ‘कोड ५२’ दाखवतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ड्रायव्हर बिघडलेला नाही, त्याची सही तुमच्या विंडोजला वाचता येत नाही. नवे ड्रायव्हर शा-२ पद्धतीने सही केलेले असतात. सर्व्हिस पॅक १, मग केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, याच क्रमाने टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. एफ ८ दाबून सहीची तपासणी बंद करणं त्या एका बूटपुरतंच टिकतं.

प्रश्न : आमचं घर मालवणात समुद्रालगत. श्रावण सरला की पीसीच्या पुढच्या भोकातला आवाज जातो-येतो. दरवेळी ड्रायव्हर पुन्हा टाकतो, चार दिवस बरं वाटतं.
— एक वाचक

उत्तर : ड्रायव्हरला सोडा. बरं वाटतं ते प्लग दोनदा काढ-घाल केल्यामुळे. खाऱ्या दमट हवेने जॅकमधल्या पत्तीवर पितळेच्या भांड्यासारखा हिरवट कळंक चढतो आणि ‘प्लग लागला’ हे सांगणारा छोटा स्विच खोटं बोलू लागतो. रिअलटेकच्या पॅनेलमध्ये ‘फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शन’ बंद करून बघा. आवाज स्थिर झाला तर दोष स्विचचा. मग वीज काढून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल प्लगला लावा आणि तो पंधरा-वीस वेळा आतबाहेर फिरवा. अर्धा तास सुकू द्या. खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, जांभ्याची धूळ त्यावर चिकटून बसते. पत्ती खाल्ली गेली असेल तर फ्रंट पॅनेलची वायरसकट पट्टी बदलायची.

वरच्या रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला हाच स्विच थेट वाचता येईल : ८८७ वर पुढचा हेडफोन बहुधा नोड १बी वर असतो, ०१बीएफ०९०० पाठवायचं. प्लग आत असताना उत्तराचा सर्वांत वरचा बिट १ यायला हवा.