दोन फुटी टाकीत पाच मादी बेटा (फायटर मासे) एकत्र राहतील का?

राहतील, पण 2×1×1 फुटाची टाकी (जेमतेम 55 लिटर) मी यासाठी घेणार नाही. किमान तीन फुटी, 80 लिटरच्या पुढची घ्या. दोन-तीनच माद्या ठेवल्या तर सगळा मार एकीवरच पडतो. पाच-सहा असल्या की तो वाटला जातो.

सगळ्या एकाच दिवशी सोडा. आधीपासून असलेली मादी टाकी आपलीच समजते आणि नवीला धरते. हायड्रिला, वॉटर स्प्राईट, जावा मॉस अशा पाणवनस्पती इतक्या दाट लावा की एका टोकाची मासळी दुसऱ्या टोकाला दिसता कामा नये. पाणी 26 अंशांच्या आसपास, फिल्टरचा झोत मंद.

खरेदी करताना पोटाखालचा पांढरा ठिपका बघा, ती मादीची खूण. आखूड पंखांचा प्लाकाट नर मादी म्हणून सर्रास खपवला जातो. तसा कोवळ्या नरांनाही कधीकधी ठिपका असतो, म्हणून घरी दोन-तीन आठवडे वेगळं ठेवून मगच मिसळा.

पहिले काही दिवस गाल फुगवणं, थोडा पाठलाग चालायचाच. पण अंगावर आडव्या रेषा, फाटलेली शेपटी, कोपऱ्यात दडून खाणं सोडणं दिसलं, की ती मादी लगेच बाहेर काढा. त्यासाठी 10-15 लिटरची रिकामी टाकी आधीच तयार हवी. ती नसेल तर हा उद्योगच करू नका. महिनोन्महिने शांत असलेला गटही अचानक बिथरतो.