घरासमोर मोठं व्यापारी संकुल येतंय, महापालिका रहिवाशांना विचारते का?

पुण्यात कोथरूडला तुमच्या सोसायटीसमोर मोठं व्यापारी संकुल येतंय, महापालिका असा प्रस्ताव कसा तपासते आणि तुम्हाला हरकत घेता येते का, असं तुम्ही विचारलंय. महापालिका तपासते, पण तुम्हाला विचारत नाही. एखाद्या इमारतीच्या परवानगीसाठी आपल्याकडे जनसुनावणी नसते. लोकांनी बोलायची वेळ विकास आराखड्याच्या (शहरात कुठे रस्ता, कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या नकाशाच्या) वेळी असते, आणि ती तुमच्यापुरती होऊन गेली. २०१३ मध्ये शहराच्या जुन्या हद्दीच्या (कोथरूड त्यातच येतं) आराखड्याचा मसुदा आला तेव्हा ८७ हजारांवर हरकती-सूचना गेल्या होत्या, आमच्या घरातूनही गेल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. आता त्यात फेरबदल करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या त्या सूचना वाचायची सवय लावा.

बाकी सगळं डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीवर चालतं. झोन, रस्त्याची रुंदी, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते), सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग, अग्निशमन दलाचा दाखला. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत असाल तर एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे पौड रस्त्यावर पुढची काही वर्षं हेच चालणार.

आमच्याकडे हेच झालं, म्हणून लिहायला बसले. पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे लागले तेव्हा सभा झाली आणि आमचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "नियमात बसतंय ते होणारच. आपण बिल्डरशी गोडीने बोलून आपलं काम करून घेऊ." काम म्हणजे काय, तर कंपाउंडची नवी भिंत, गेट आणि आत पेव्हर ब्लॉक. बहुतेकांनी माना डोलावल्या. मी आणि वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका, आम्ही दोघांनी माहिती अधिकारात फाइल बघायला मागितली.

नकाशा टेबलावर पसरल्यावर काकांनी पहिलं बोट ठेवलं ते रंगांवर. प्रस्तावित बांधकाम लाल, अस्तित्वातला रस्ता हिरवा, भविष्यातला रस्ता हिरव्या तुटक रेषेत. ज्या रुंद रस्त्याच्या आधारावर एवढ्या मोठ्या इमारतीला परवानगी मिळणार होती तो समोरच्या बाजूला जवळपास सगळा तुटक होता. जागेवर तिथे दोन बंगले आणि एक पिठाची गिरणी आहे, त्यांची जमीन ताब्यात आलेलीच नाही. आणि तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प उघडत होता आमच्या गेटसमोरच्या गल्लीत. त्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. शाळेच्या बस तिथेच थांबतात.

आम्ही पत्र लिहिलं ते एवढ्या दोन मुद्द्यांवर. हवा, उजेड, शांतता, यातलं एक अक्षर नाही. गल्लीची जागेवर मोजलेली रुंदी, बसच्या वेळा, नकाशाची प्रत. बांधकाम विभागाला एक प्रत, वाहतूक पोलिसांना एक, आयुक्तांना एक. प्रत्येकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. सुधारित नकाशा आला तेव्हा रॅम्प मुख्य रस्त्याच्या बाजूला गेला होता. तुटक रस्ता मात्र आजही तुटकच आहे, संध्याकाळी सहाला आमच्या कोपऱ्यावर या आणि बघा. अध्यक्ष अजूनही म्हणतात की भिंत त्यांनी मिळवून दिली. भिंत मिळाली हे खरं. पण ती घेतल्यावर सोसायटीच्या लेटरहेडवर हरकत निघाली नाही, आमच्या पत्रावर नुसत्या रहिवाशांच्या सह्या होत्या, आणि अधिकाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला: सोसायटीचं काय म्हणणं आहे? 'नियमात बसतंय' हे वाक्य ज्याने नकाशा उघडलेला नाही त्याने बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या संकुलाचं बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने अशा बांधकामांना जनसुनावणीतून सूट दिली आहे आणि ते मला आजही चुकीचं वाटतं. पण मंजुरीची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि तिच्याविरुद्ध हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. उशिराचं सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवस देऊ शकतो. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. टँकर, सांडपाणी, वाहतूक यांचे आकडे त्या अर्जात सापडतात, ते आपल्या रस्त्याशी ताडून बघा.

दिलेली परवानगी मागे घ्यायचा किंवा बदलायचा अधिकार महापालिकेला नगररचना कायद्याच्याच कलम ५१ खाली आहे, पण काम बरंच पुढे गेल्यावर तो वापरता येत नाही. त्यामुळे जोतं (जमिनीच्या वर येणारा पाया) व्हायच्या आत हालचाल करा.

मी वकील नाही, आणि तुमचा झोन, तुमचा रस्ता वेगळा असेल. व्यापारी इमारतीलाच माझा विरोध आहे असंही नाही. खाली बँक आणि औषधांचं दुकान आलं ते आम्हाला सोयीचंच झालं.

महापालिकेत जायच्या आधी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि ठराव करून घ्या: हरकत सोसायटीच्या नावाने जाईल, बिल्डरशी बोलायला किमान तिघे जातील, जे बोलणं होईल ते लेखी नोंदवलं जाईल, आणि परवानगीचा निकाल लागेपर्यंत भिंत, गेट, पेव्हर ब्लॉक, रंगकाम यांतलं काहीही त्यांच्याकडून घेतलं जाणार नाही. अध्यक्षांची सही त्याच सभेत घ्या.