शुगरसाठी क्रोमियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या: आधी एवढं बघा

ताई, शुगरचा रिपोर्ट हातात पडला की जो तो गोळ्यांचा डबा सुचवतो. घाई करू नका. मॅग्नेशियम, झिंकचा थोडाफार फायदा दिसतो तो मुख्यतः कमतरता असणाऱ्यांना. क्रोमियमचा पुरावा तर फारच तोकडा आहे.

- डॉक्टरांची गोळी सोडून सप्लिमेंट? अजिबात नाही.
- क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासल्याशिवाय मॅग्नेशियम नको. किडनी कमजोर असेल तर ते अंगात साचतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर ठेवा. जुलाब लागले तर मॅग्नेशियमचा डोस जास्त होतोय.
- एका वेळी एकच बदल. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ३ महिन्यांनी बघा, रोजच्या आकड्यावर निकाल लावू नका.

आता गुळाचं. आपल्या सांगलीत ‘गुळात खनिजं असतात, चालतो’ म्हणत चहात दोन खडे सर्रास पडतात. लोह असेल चिमूटभर, पण बाकी सगळी साखरच की! मॅग्नेशियम हवंय तर मूठभर शेंगदाणे खा, जतच्या शाळूची भाकरी खा. भाकरी मात्र मोजून, तिनेही शुगर चढते.

डोस, ब्रँड वगैरे नंतर बोलू. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासायचं का, तेवढं पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.