पहिल्या पावसाळ्यात धबधबा टिपताना
नवी मुंबईतील खारघरच्या पांडवकडा धबधब्यापासून सुरुवात करण्याचा मोह तुम्हाला होईल. परंतु तेथे पर्यटकांचे जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात अनेकदा प्रवेशबंदी असते, म्हणून तो कडा लांबूनच टिपावा आणि ठाण्यातील येऊरच्या जंगलात परवानगी असलेल्या वाटेवरील एखादा लहान ओहोळ निवडावा. पाण्याला रेशमी पोत हवा असेल, तर ढगाळ सकाळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवून, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून शटर पाव ते अर्धा सेकंद उघडे ठेवावे. त्याहून फार वेळ दिल्यास पाण्याचा नुसता धूर दिसतो, जो मला तरी रुचत नाही. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी रोखणारा फिल्टर, ओल्या खडकांची चकाकी घटवतो, मात्र थोडा प्रकाशही अडवतो. पाणी अचानक गढूळ झाले, तर छायाचित्र अर्धवट सोडून तत्काळ काठावरील उंच जागी जावे.