कोकणात गावच्या घरी कुत्र्याला विषारी सापांपासून कसं जपावं?

आमच्या रत्नागिरीकडे नागापेक्षा भीती फुरशाची. दीड-दोन वितींचा जीव, रंग जांभ्या दगडासारखा. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत बसलेलं दिसतही नाही. कुत्रा नाक खुपसतो आणि दंश थेट थोबाडावर. म्हणून अंगणालगतचा पातेरा (सुका पालापाचोळा), चिऱ्यांचे ढीग, नारळाच्या सोडणांची रास आधी हलवा (उंदीर तिथेच, म्हणजे सापही तिथेच). रात्री कुत्रा पडवीत घ्या. बाहेर नेलात तर बॅटरी आणि साखळी हवीच.

तोंड सुजलं, हिरड्यांतून रक्त आलं तर आवळपट्टी, ब्लेड, मांत्रिक काही नको. चालवू नका, उचलून गाडीत घाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं. ते जवळच्या कुठल्या डॉक्टरकडे मिळेल, हे पावसाआधीच फोन करून विचारून ठेवा.