पेटीतली मतदारयादी

प्रश्न : आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत १९६२च्या विधानसभा निवडणुकीची मतदारयादी आणि काही प्रचारपत्रके सापडली. ती जपून ठेवावीत का?

उत्तर : अवश्य ठेवावीत. राज्यस्थापनेनंतरच्या त्या पहिल्या निवडणुकीत २६४ जागा होत्या. १९६७मध्ये त्या २७० आणि १९७८मध्ये २८८ झाल्या, तर २००८च्या पुनर्रचनेत आकडा तोच राहूनही कित्येक मतदारसंघांच्या सीमा आणि नावे बदलली. निकालांचे आकडे निवडणूक आयोगाच्या अहवालांत मिळतात. परंतु तुमच्या गावात मते कोणत्या शब्दांत मागितली गेली, हे अशा पत्रकांतूनच कळते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन मात्र मुळीच करू नका, आणि स्कॅन केल्यावरही मूळ कागद आम्लविरहित पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.