पाय दुखत नाहीत, तरी घोट्यावरचा रक्तदाब का मोजायचा?

प्रश्न : वय ६७, उच्च रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. चालताना पाय दुखत नाहीत. मग पायांच्या धमन्यांची तपासणी कशाला?

उत्तर : धमनी हळूहळू अरुंद होते तेव्हा शेजारच्या लहान रक्तवाहिन्या बराच भार उचलतात. शिवाय गुडघे दुखतात किंवा धाप लागते म्हणून अनेकांचे चालणे आधीच कमी झालेले असते. पोटरी भरून येण्याइतके ते चालतच नाहीत. पायाची धमनी अरुंद झालेल्या व्यक्तीला हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो, म्हणून ही तपासणी मोलाची. पासष्टीनंतर, किंवा पन्नाशीनंतर उच्च रक्तदाब, धूम्रपान वा मधुमेह असल्यास, डॉक्टरांकडे स्वतःहून विषय काढा.

प्रश्न : घोट्यावर वरचा दाब १३० आला. म्हणजे ठीक ना?

उत्तर : दंडावरचा आकडा कळल्याशिवाय सांगता येणार नाही. उच्च रक्तदाबात नेमकी इथेच फसगत होते. दंडावर १६० असेल, तर १३० भागिले १६० म्हणजे ०.८१. आडवे झोपलेल्या निरोगी माणसात घोट्यावरचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो. घोटा भागिले दंड हे गुणोत्तर १.०० ते १.४० असेल तर सामान्य, ०.९१ ते ०.९९ सीमारेषेवर, ०.९० किंवा त्याखाली आले तर धमनीत अडथळा आहे असे धरतात.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात दर वेळी वेगळे गुणोत्तर येते. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा विश्रांती. रुग्णाला ५ ते १० मिनिटे सपाट झोपवा. बसवून मोजल्यास घोट्यावरचा आकडा फुगतो. पट्ट्याची रुंदी अवयवाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के हवी, अरुंद पट्टा दाब जास्त दाखवतो. घोट्यावर स्टेथोस्कोपचा भरवसा नाही, हातात धरायचा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणारे उपकरण, वापरा. नाडीचा आवाज बंद झाल्यावर पट्ट्यातला दाब आणखी २० मिमी (पारा) वाढवा, मग सावकाश हवा सोडा. आवाज परत येईल तो आकडा घ्या. पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची, दोन्ही धमन्या मोजा. त्या पायाचा मोठा आकडा वर, दोन्ही दंडांतला मोठा आकडा खाली. एकाच दंडाच्या मोजणीवर काम भागवू नका: त्या हाताची धमनी अरुंद असेल तर भाजक लहान होतो आणि पायाचा आजार लपतो. जखमेवर पट्टा बांधू नये.

प्रश्न : मधुमेह आहे, गुणोत्तर १.४५ आले. रक्तपुरवठा उत्तम समजायचा?

उत्तर : नाही. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक झाली, की पट्ट्याने दबत नाही. पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजून घ्या. तिथले दंडाशी गुणोत्तर ०.७० किंवा कमी असेल तर अडथळा समजतात.